लिटरमागे पाच ग्रॅम

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा लागला आणि एका रात्रीत थंडी उतरली. कालव्याच्या दोन्ही काठांना बर्फाची काचेसारखी किनार धरली. निम्म्या गावाचे बटाटे अजून बांधावर पेंढ्या-मातीखाली झाकलेले होते. कालवा गोठला की बटाटे वाहणारे पडाव जागच्या जागी अडकणार आणि माल तिथंच नासणार, म्हणून जो तो घाईत होता. स्टार्चच्या कारखान्याचा भोंगा सहाला वाजायचा, पण हल्ली साडेपाचलाच धक्क्यावर माणसं उभी असत. लाकडी बूट आपटत ती एकमेकांना एकच प्रश्न विचारत, पाण्याखाली किती आलं?

हिलेखीन हाडर्सची नोकरी त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची होती. प्रत्येक पडावातून बादलीभर बटाटे नमुना म्हणून वर येत. ते थंड पाण्यात ब्रशानं घासायचे, मुळं काढायची, फडक्यानं टिपायचे आणि काट्यावर बरोबर पाच किलो करायचे. शेवटचा बटाटा चकती चकती कापत वजन जुळवावं लागे. मग ते तारेच्या परडीत घालून परडी हौदाच्या पाण्यात पूर्ण बुडवायची. वरच्या काट्याला टांगलेली परडी पाण्यात गेली की पाच किलोंचे जेमतेम चारशे-सव्वाचारशे ग्रॅम उरत. बाकीचा भार पाणी उचलून धरी. बटाटा जेवढा भरीव तेवढे जास्त ग्रॅम उरत, आणि भरीव म्हणजे सत्त्वाचा. कारखान्याचा उतारा त्या उरलेल्या ग्रॅमांवर ठरे आणि शेतकऱ्याची पतही. चारशे चाळीसवाला माणूस रविवारी चर्चमध्ये ताठ बसे. तीनशे नव्वदवाल्याची बायको दुकानात कमी बोले. आकडा हिलेखीननं खिडकीतून मोठ्यानं सांगायचा, अशी पद्धतच होती, म्हणजे मागाहून कुणी वहीकडे बोट दाखवायला नको.

ती सत्तावीस वर्षांची होती. तीन हंगाम तिनं नुसते बटाटे घासले होते. बोटांच्या पेरांना भेगा पडत, त्यांत रात्री डुकराची चरबी भरून ती फडकी बांधून झोपे. यंदा मुकादम वीब्रांट स्मिटनं तिला काट्यावर घेतलं. त्या कारखान्यात काट्याला हात लावणारी ती पहिली बाई. कारण एकच, तिचा हात नेमका होता. रोज सकाळी ती रिकामी परडी पाण्यात सोडून काटा शून्यावर आणी आणि श्वास रोखून तो स्थिर होईपर्यंत बघत राही. म्हातारा हार्म वुब्स म्हणे, ही पोरगी काट्याशीच लग्न लावणार, आणि आहेरात आम्हाला एकेक ग्रॅम वाटणार.

घरी वडील यान्स आणि धाकटा भाऊ रूल्फ. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं हिलेखीनमार्फत होई, नाहीतर घोड्याला उद्देशून. रूल्फला कालव्याकडचं खालचं शेत हवं होतं. तिथं नवं वाण लावायचं आणि पोटॅशचं खत लागणीच्या वेळी न देता आदल्या हिवाळ्यातच टाकायचं, म्हणजे उतारा पडत नाही, असं त्याचं म्हणणं. यान्स चाळीस वर्षं लागणीच्या वेळीच खत टाकत आला होता. खताबद्दल बोललेलं त्याला आपल्याबद्दल बोलल्यासारखं लागे. शेवटी मागच्या नाताळात त्यानं जेवताना चमचा खाली ठेवून सांगितलं, एक वर्ष कर. माझ्या वरच्या शेतापेक्षा पाण्याखालचं वजन जास्त आलं तर खालचं शेत तुझं, तिथं घर बांध आणि यांतीनला लग्न करून आण. कमी आलं तर मी सांगेन तसं वागायचं, तोंड न उघडता. रूल्फ म्हणाला, कमी आलं तर मी कॅनडाला जाईन. यान्सनं चमचा परत उचलला. त्या साली गावातला प्रत्येक तरुण कॅनडाला जाईन म्हणत होता.

यान्सच्या वरच्या शेताचा आकडा ऑक्टोबरातच लागला होता. चारशे एकवीस.

सोमवारी हौदावर दुधावर साय धरावी तसा बर्फ धरला. परडीची तार त्यात अडकली, काटा उडाला आणि एकच नमुना तीनदा तोलावा लागला. बाहेर पडावांची रांग लागली. स्मिट आत आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती काटा दिला की कालवासुद्धा उभा राहतो." घासणाऱ्या बायकाही हसल्या. हिलेखीन काठीनं हौदावरचा बर्फ फोडत राहिली.

मंगळवारी ती भोंग्याआधी आली. धक्क्याच्या पायऱ्यांवर हमाल घसरू नयेत म्हणून मिठाचं पोतं दाराशी ठेवलेलं असे. घरी पंपाच्या तोंडाशी आणि उंबऱ्यावर तिची आई हेच करायची. तिनं कोळशाचं लहान फावडं घेतलं, दोनदा भरून मीठ हौदात टाकलं आणि काठीनं ढवळलं. मीठ दिसेनासं झालं. पाणी होतं तसंच दिसत होतं, फक्त आता त्यावर साय धरत नव्हती. मग तिनं रिकामी परडी सोडली, काटा शून्यावर आणला, श्वास रोखून पाहिला. काटा शून्यावर स्थिर होता. तिला बरं वाटलं.

बर्फामुळे त्या सकाळी दोनच पडाव पोचले. पहिला रूल्फचा. तो बांबूनं बर्फ फोडत आला होता, बाह्या कोपरापर्यंत भिजून ताठ झाल्या होत्या. यान्स गाडीरस्त्यानं घोडा घेऊन आला. एरवी तो कधी धक्क्यावर येत नसे. दोघं एकमेकांपासून चार पावलांवर उभे राहिले.

घरचा माल म्हणून हिलेखीननं स्मिटला शेजारी उभं केलं. बटाटे तिनं स्वतः घासले. नवं वाण, साल खरखरीत, डोळे उथळ, कापल्यावर सुरीला पिठूळ पांढरं लागत होतं. चांगला आकडा येणार असं तिच्या हाताला वाटलं. परडी पाण्यात गेली. दोन-तीन बुडबुडे सुटले. तिनं परडी हळूच हलवली, उरलेले बुडबुडेही सोडवले. काटा थांबला. तिनं एकदा पाहिलं, मग स्मिटला पाहायला सांगितलं. तो म्हणाला, लिही.

तिनं खिडकी उघडली. "हाडर्स, खालचं शेत. चारशे नऊ."

रूल्फनं बांबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. यान्सनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि घोडा थंडीत उभा आहे, चला, एवढंच म्हणाला. मागून हार्म वुब्सचा पडाव आला. त्याला तीनशे शहाण्णव लागले. त्यानं कारखान्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. पण हार्म चारशे तीस लागले तरी उद्धारायचा, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुपारी जेवणाआधी नेमाप्रमाणे हौद रिकामा करून नवं पाणी भरलं गेलं. तोवर ऊन आलं होतं, मिठाची गरज पडली नाही.

संध्याकाळी तिनं कोबी-बटाटा घोटून त्यावर चरबीचे तुकडे तळून घातले. यान्सनं आपल्या ताटातला मोठा तुकडा काट्यानं उचलून रूल्फच्या ताटात ठेवला. असं त्यानं आई गेल्यापासून केलं नव्हतं. रूल्फनं तो खाल्ला नाही. शनिवारी आसन शहरात जाऊन कॅनडाचा अर्ज भरतो, असं त्यानं ताटाकडे बघत सांगितलं. यान्स म्हणाला, आधी गोठ्याची गटार काढ.

खरं तर तोललेला नमुना लगेच ढिगावर ओतायचा असतो. रूल्फची बादली मात्र हिलेखीननं गोणपाटाखाली झाकून कोपऱ्यात ठेवली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बुधवारी सकाळी हौदावर साय धरली नव्हती, आणि पहिला पडाव यायला अवकाश होता. तिनं ते बटाटे काढले. रात्रीत थोडं वजन घटलं होतं, तिनं एक चकती वाढवून पाच किलो पुरे केले. परडी बुडवली.

चारशे बत्तीस.

तिनं परडी वर काढली, काटा पुसला, शून्य पाहिलं, पुन्हा बुडवली. चारशे बत्तीस. हवेतलं वजन पुन्हा केलं, पाच किलो. बटाटे कालचेच होते, परडी, काटा आणि हातही कालचेच. कालचं नव्हतं ते फक्त पाणी.

मग तिनं ते फावडं घेतलं, दोनदा मीठ भरून काट्यावर ओतलं. एक किलो पन्नास ग्रॅम. हौदात दीडशे लिटर पाणी मावे. म्हणजे लिटरमागे सात ग्रॅम मीठ. दुधाचं लिटरचं माप तिनं साध्या पाण्यानं रेघेपर्यंत भरून तोललं. माप वजा जाता एक किलो. मग ते ओतून सात ग्रॅम मीठ घातलं, विरघळवलं, पुन्हा त्याच रेघेपर्यंत पाणी भरलं. एक किलो पाच ग्रॅम. माप तेच, रेघ तीच. फक्त तेवढ्याच जागेत पाच ग्रॅम जास्त बसले होते. पाच किलो बटाटे पाण्यातली साडेचार लिटरहून थोडी जास्त जागा अडवतात, आणि त्या जागेतलं पाणी जेवढं जड तेवढा भार ते बटाट्यांचा उचलतं. तिनं पाटीवर गुणाकार केला. तेवीस. चारशे नवात तेवीस मिळवले की चारशे बत्तीस.

इतके दिवस तिला वाटत होतं, आपण बटाटा तोलतो. तिनं तोललेला असे तो बटाटा आणि पाणी यांच्यातला फरक, आणि त्यातल्या पाण्याकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं. शून्य लावलं की झालं, असं तिला वाटे. रिकाम्या परडीची तार काडीएवढी बारीक. ती किती पाणी सारणार? शून्य तिला काहीच सांगू शकत नव्हतं.

बाहेर स्मिट हमालांना ओरडत होता. तिनं पाटी पुसली. त्याला सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. तो काय म्हणेल तेही तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि परवाच्या त्या घासणाऱ्या बायकांचं हसणंही. तीन हंगाम, फुटलेली पेरं, आणि काट्यावरचे जेमतेम सात आठवडे. तिनं ठरवलं, दुपारी सांगू. दुपारी स्मिट कार्यालयात होता. संध्याकाळी घरी रूल्फ यांतीनकडे गेलेला. शनिवारी तो सायकलवर आसनला निघाला तेव्हा ती दारात उभी होती, आणि हातमोज्याची सुटलेली शिवण घालून देऊ का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, राहू दे.

अर्ज म्हणजे काय, कागदच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. जानेवारीत डॉक्टरची तपासणी झाली. तिथं नापास होणारे पुष्कळ असतात. मग जहाजावरची जागा ठरायची होती. यांतीनचा बाप अजून हो म्हणायचा होता. प्रत्येक पायरीवर हिलेखीनला वाटे, अजून एक पायरी आहे. यांतीनचा बाप जानेवारीच्या शेवटी हो म्हणाला.

फेब्रुवारीत रूल्फनं गोठ्यात लाकडी पेटारा ठोकायला घेतला. फळ्या तो कापी, ती धरून ठेवी. यान्स वरच्या शेतात खताची गाडी घेऊन गेला होता. दोन खिळ्यांच्या मध्ये तिनं सांगून टाकलं. मीठ, बुधवारची सकाळ, चारशे बत्तीस, लिटरमागे पाच ग्रॅम, सगळं, क्रमानं, जणू स्मिटलाच सांगत होती.

रूल्फनं ओठातला खिळा काढून हातात घेतला.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या दिवशी."

त्यानं खिळा फळीवर टेकवला, पण ठोकला नाही.

"खिडकीतून तू आकडा ओरडलीस तेव्हा मी बाबांकडे बघत होतो," तो म्हणाला. "त्यांनी टोपी सारखी केली. ते खूश झाले, हिले. आपल्या मुलाचा आकडा कमी आला म्हणून."

"बत्तीस आले असते तर?"

"तर मला ते दिसलं नसतं. घर बांधलं असतं खाली. राहिलो असतो."

"अजून सांगते मी त्यांना. आज संध्याकाळी सांगते. स्मिटला वही दुरुस्त करायला लावते."

"यांतीननं भांडी वाटून टाकलीत बहिणींना," रूल्फ म्हणाला. "आणि वही दुरुस्त झाली म्हणून मी जे बघितलं ते दुरुस्त होणार आहे का? फळी धर नीट."

तिनं फळी धरली. त्यानं उरलेले खिळे एकेका ठोक्यात बसवले. त्यानंतर जाईपर्यंत तो तिच्याशी वाईट वागला नाही. तेच तिला जास्त लागलं. रोज सकाळी तो तिच्यासाठी पंपाचं पाणी भरून ठेवी आणि बोलायचं असेल तेवढं बोले.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. हंगाम संपला होता, यंत्रं उघडून पुसायला ठेवली होती. स्मिट टेबलाशी ब्रेड खात होता. तिनं उभ्यानंच सांगितलं. तो खात खात ऐकत राहिला. दोन पडाव ना, त्यानं विचारलं. तुमचा आणि हार्मचा? हार्मचं कळवून टाकू, वहीत दोन ओळी लिहिता येतील. मग रुमालानं तोंड पुसून म्हणाला, मीठ पायऱ्यांसाठी असतं, हे सांगायला हवं होतं, चूक माझीही आहे. पुढच्या हंगामात हौदावर एक पाटी लावू. ती अजून उभीच होती. आणखी काही आहे का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, काट्यावर मीच राहणार का? तो म्हणाला, नाहीतर कोण?

घरी येताना ती कालव्याच्या कडेला पडावाच्या खुंटावर बसली. ज्याला भिऊन ती नोव्हेंबरपासून गप्प बसली होती, ते एवढंच होतं.

मार्चच्या मध्याला रूल्फ आणि यांतीन बसनं गेले. पुढे रेल्वे, मग रॉटरडॅमहून जहाज. पेटारा आधीच गेला होता. यान्सनं मुलाचा हात हातात घेतला, दोनदा हलवला आणि कागदपत्रं आतल्या खिशात ठेव, असं सांगितलं. बस वळणाआड गेल्यावर तो घोड्याला पाणी दाखवायला गेला. घोडा नुकताच पाणी प्यायला होता.

त्या रात्रीच्या जेवणात ताकातला दलिया होता. तिघांच्या अंदाजानं झाला होता. यान्सनं दोन वेळा घेतला तरी उरला. हिलेखीननं चमचा ठेवला आणि वडिलांना सगळं सांगितलं. तिनं वाट पाहिली की तो ओरडेल. त्यानं आपला वाडगा पावाच्या तुकड्यानं पुसून काढला.

"किती म्हणालीस?"

"चारशे बत्तीस."

"माझ्यापेक्षा अकरा वर."

"हो."

तो तुकडा त्यानं खाल्ला नाही. वाडग्यात ठेवून दिला. शेगडीतली पीटची, जळाऊ मातीची, वीट खचली, राख पडली. तो म्हणाला, "मला वाटलं, आता राहील घरात. तोंड फुगवून राहील, पण राहील. खाली घर बांधलं असतं तर तिकडेच गेला असता ना तो." आणि उठून अंधारातच गोठ्याकडे गेला. ती बसून राहिली. टोपी सारखी करणाऱ्या त्या हाताचा अर्थ रूल्फला कुणी सांगायचा, आणि किती दिवसांनी पोचणाऱ्या पत्रात, याचा ती विचार करत राहिली. पत्र तिनं लिहिलं. यान्सनं त्यात स्वतःच्या हातानं दोन ओळी घालाव्यात म्हणून तीन दिवस टेबलावर ठेवलं. त्यानं घातल्या नाहीत. चौथ्या दिवशी तिनं ते तसंच टपालात टाकलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जमीन वाफशावर आली. यान्सनं वरचं शेत शेजाऱ्याच्या पोरावर सोपवलं आणि घोडा खालच्या शेतात वळवला. रूल्फनं बियाण्यासाठी राखलेले नव्या वाणाचे बटाटे कोठारात पोत्यात होते. कोंब बोटाच्या पेराएवढे आले होते. सरी ओढून झाल्यावर यान्स टोपली घेऊन पहिल्या सरीत गुडघ्यांवर बसला. हिलेखीन दुसऱ्या टोपलीनिशी शेजारच्या सरीत. वारा कालव्याकडून येत होता आणि मोकळ्या मातीवरून धुरळा उडवत होता.

"त्यानं अंतर किती ठेवलं होतं?" यान्सनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"जुन्याएवढं नव्हतं. जास्त होतं. मी बांधावरून बघत होतो, पण मोजलं नाही."

"पत्रात विचारू?"

"उत्तर येईस्तोवर लागण संपेल."

त्यानं एक बटाटा कोंब वर करून सरीत ठेवला. मग पंजा पसरून मातीवर टेकवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि दुसरा बटाटा ठेवला. थोडं मागे सरून पाहिलं. दुसरा बटाटा उचलून चार बोटं पुढे ठेवला. पुन्हा पाहिलं. पुन्हा उचलला. हिलेखीन आपली टोपली धरून शेजारच्या सरीत थांबून राहिली, तो काय ठरवतो ते कळेपर्यंत.